थारचा उन्हाळा : ५१ अंशांचं ऊन, लू, आंधी आणि ढाणीतली आग

१९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदी या गावी पारा ५१ अंश सेल्सिअसवर गेला. भारतात अधिकृतपणे नोंदलं गेलेलं हे सर्वात जास्त तापमान. त्याआधीचा विक्रमही राजस्थानचाच होता, अलवरचा : १० मे १९५६, ५०.६ अंश. चुरू शहरानं १ जून २०१९ रोजी ५०.८ गाठले आणि २८ मे २०२४ रोजी पुन्हा ५०.५. म्हणजे पन्नाशी ओलांडणं ही थार आणि त्याच्या आसपासच्या पट्ट्यात आता शंभर वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट राहिलेली नाही.

ग्वाल्हेर, इंदूरकडच्या मराठी घरांत ‘लू लागली’ हा शब्दप्रयोग रोजच्या बोलण्यातला आहे. बेळगाव, गोव्याकडच्यांना तो सिनेमातून किंवा लष्करातल्या नातेवाइकांकडून माहीत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं या भागातल्या कितीतरी घरांतला एखादा तरी माणूस कधी ना कधी वाळवंटातल्या ठाण्यावर राहून आलेला असतो. शिवाय गलाई व्यवसायातले सांगलीकडचे लोक देशभर पसरलेत, आणि जैसलमेरला फिरायला जाणारेही कमी नाहीत. तेव्हा हा उन्हाळा नेमका कसा असतो, वारा त्यात काय भर घालतो आणि जिथं झाडंच कमी तिथं आग कशी लागते, याची ही माहिती.

आकडा कुठला धरायचा?

हवामान खात्याचं तापमान म्हणजे सावलीतलं तापमान. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर तापमापक ठेवलेला असतो. मोटारीच्या डॅशबोर्डवर किंवा गच्चीतल्या उन्हात ठेवलेल्या तापमापकावर दिसणारा आकडा वेगळा, त्याची तुलना इथं करता येत नाही. हवा ५० अंशांवर असते तेव्हा वाळूचा पृष्ठभाग साठच्या पुढे गेलेला असतो. अनवाणी पावलाला चटका बसायला काही सेकंद पुरतात.

आकड्यांची गल्लत मोठमोठ्या शहरांतही होते. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश दिसले आणि देशभर बातमी झाली. पुढं तपासणीत तिथला सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. त्याच दिवसांत नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, तोही यंत्राचाच दोष. व्हॉट्सॲपवर मात्र हे दोन्ही आकडे दर उन्हाळ्यात पुन्हा फिरतात. फलोदीचे ५१ हाच देशाचा विक्रम आहे. (जगाचा अधिकृत विक्रम अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ रोजीचा, ५६.७ अंश. पाकिस्तानातल्या तुर्बतला २८ मे २०१७ रोजी ५३.७ नोंदले गेले.)

उष्णतेची लाट कधी म्हणायची, याचेही नियम ठरलेले आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल तर लाट. ६.४ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, ४५ अंश झाले की लाट आणि ४७ झाले की तीव्र लाट. किनारपट्टीला हा उंबरठा ३७ अंशांचा आहे, म्हणून गोव्यातला ३७ आणि बाडमेरमधला ३७ एका तराजूत घालू नयेत.

इतकं का तापतं?

मे महिन्यात सूर्य जवळपास डोक्यावर, आकाश निरभ्र, जमिनीत ओल नाही. आपल्याकडं उन्हाचा बराचसा भाग मातीतलं, झाडांतलं पाणी वाफ करण्यात खर्च होतो. थारमध्ये खर्चायला पाणीच नाही, त्यामुळं सगळी जमा उष्णतेच्याच खात्यावर पडते. जैसलमेरला वर्षाकाठी पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. गोव्यात पावसाळ्यातल्या एखाद्या जोरदार दिवशी एवढा पडून जातो.

वरच्या थरातली हवा खाली बसत राहते आणि खाली येताना दाबली जाऊन आणखी तापते. सिंध, बलुचिस्तानकडून येणारा पश्चिमेचा वारा आधीच कोरडा असतो. चुरूसारख्या ठिकाणी तर हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो आणि उन्हाळ्यात पन्नाशीला टेकतो. वाळू लवकर तापते, लवकर निवते, आणि हवेत बाष्प नसल्यानं रात्री उष्णता निघून जायला आडकाठी नसते.

स्थानिक लोक या दिवसांचा हिशेब ‘नौतपा’वरून करतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पहिले नऊ दिवस, साधारण २५ मे ते २ जून. मालव्यातली मराठी मंडळीही हा शब्द वापरतात. महाराष्ट्रातला शेतकरी रोहिणी म्हटलं की पेरणीपूर्व पावसाकडं बघतो, तिकडं तेच नक्षत्र उन्हाच्या शिखराचं. विक्रमांच्या तारखा लावून पाहिल्या तर चुरूच्या दोन्ही नोंदी नौतपात बसतात, फलोदीची २०१६ ची आणि अलवरची बसत नाही. तेव्हा पंचांगावर विसंबून १९ मेला दुपारी घराबाहेर पडणं शहाणपणाचं नाही.

लू आणि आंधी या दोन वेगळ्या गोष्टी

लू म्हणजे दिवसा वाहणारा कोरडा, भाजणारा वारा. एप्रिलपासून जूनपर्यंत, सकाळी दहा-अकराला सुरू होतो, दुपारी जोर धरतो, सूर्य कलला की मंदावतो. दिशा पश्चिम किंवा वायव्य. थारमधून निघालेली ही झळ ग्वाल्हेरपर्यंत सहज पोचते आणि म्हणूनच त्या शहराचा मे महिना पंचेचाळिशीच्या पुढं जाणं नवीन नाही.

या वाऱ्याची खोड अशी की घाम दिसतच नाही. अंगावर आल्याआल्या वाळतो. माणसाला वाटतं आपल्याला घाम येत नाहीये, म्हणजे पाणी कमी चाललंय. प्रत्यक्षात तासाला लिटरभर पाणी आणि त्याबरोबर मीठ अंगातून जात असतं. हवेचं तापमान शरीराच्या तापमानापेक्षा जास्त असलं की वाऱ्यानं गार वाटत नाही, उलट वारा उष्णता अंगात भरतो. पन्नास अंशांत दुचाकीवर उघड्या तोंडानं जाणं म्हणजे भट्टीसमोर पंखा लावून बसणं. तिकडचे लोक डोक्या-तोंडाला जाड सुती फेटा गुंडाळतात तो शोभेसाठी नव्हे.

आंधी वेगळी. तिचे दोन प्रकार पडतात. एकात हवेच्या दाबातल्या फरकामुळं जोराचा वारा तासन् तास, कधी दिवस-दोन दिवस वाळू उडवत राहतो. दुसऱ्यात दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात, त्यातून गार हवा खाली कोसळते आणि जमिनीवर पसरताना धुळीची भिंतच पुढं ढकलत आणते. हीच ‘काळी-पिवळी आंधी’. क्षितिजावर तपकिरी रेघ दिसते आणि थोड्याच वेळात दिवसाढवळ्या दिवे लावावे लागतात. तापमान एकदम दहा-पंधरा अंशांनी उतरतं, म्हणून लोकांना ती बरीही वाटते, पण माणसं मारते ती हीच.

२ मे २०१८ च्या रात्री आलेल्या वादळानं राजस्थान आणि उत्तर प्रदेशात मिळून शंभराहून जास्त माणसं दगावली. भरतपूर, धौलपूर, अलवर आणि आग्रा या जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाली. बहुतेक मृत्यू धुळीनं झाले नाहीत. भिंती, पत्रे, झाडं आणि विजेचे खांब अंगावर पडून झाले, आणि लोक झोपेत होते.

वाळवंटात आग कशाची लागते?

साधा प्रश्न आहे आणि बरोबर आहे. जंगल नाही तर जळणार काय? वाळवंटात आगीला हवा आणि उष्णता यांची ददात नसते, तुटवडा असतो तो जळणाचा. म्हणून आग लागते ती दोन ठिकाणी : जिथं माणसानं जळण गोळा करून ठेवलंय तिथं, आणि चांगल्या पावसाच्या वर्षानंतर जिथं गवत उभं वाळलंय तिथं.

पहिलं ठिकाण म्हणजे ढाणी. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती, आपल्याकडच्या मळ्यातल्या वस्तीसारखी : दोन-चार घरं, एक गोठा, कडब्याची गंज, काटेरी कुंपण. जुन्या पद्धतीच्या घराला झोंपा म्हणतात. भिंत मातीची, गोल, वर शंकूसारखं छप्पर. छपराला खींप, सणिया आणि बाजरीचं सरमाड लावतात. खींप या झुडपाच्या शास्त्रीय नावातच आग आहे, ‘लेप्टाडेनिया पायरोटेक्निका’. तिच्या तंतूंचा उपयोग पूर्वी ठिणगी धरायला करत. उन्हाळ्यात हे छप्पर घराला इतकं गार ठेवतं की सिमेंटच्या पत्र्याची त्याच्याशी बरोबरी नाही. पण ठिणगी पडली तर तेच छप्पर घरावर कोसळतं.

ठिणगी येते कुठून? चुलीतला विझला समजून सोडलेला निखारा, वाऱ्यानं एकमेकींवर घासलेल्या विजेच्या तारा, विडीचं थोटूक, घरातलं शॉर्टसर्किट. बारीक गवत, काड्या, कडबा यांच्यातली ओल अशा हवेत तासाभरात उडून जाते. मग वारा दोन कामं करतो : ज्वाळेला भाता घालतो आणि पेटत्या काड्या उचलून पुढच्या छपरावर नेऊन टाकतो. एक झोंपा पेटला की वाऱ्याच्या दिशेचे बाकीचे वाचवायला मिळणारा वेळ मिनिटांत मोजायचा.

आता अंतराचा हिशेब बघा. जैसलमेर जिल्ह्याचं क्षेत्रफळ ३८,४०१ चौरस किलोमीटर. म्हणजे दहा गोवा राज्यं त्यात बसतील, बेळगाव जिल्ह्याच्या जवळपास तिप्पट. २०११ च्या जनगणनेत इथं चौरस किलोमीटरला १७ माणसं होती. अशा जागी अग्निशमन दलाचा बंब तालुक्याच्या गावाहून वाळूतल्या रस्त्यानं येईपर्यंत जळायचं ते जळून झालेलं असतं. त्यात माणसं बहुधा बाहेर पळून वाचतात. जातं ते दाणे, कडबा, कपडालत्ता, कागदपत्रं, आणि दाव्याला बांधलेल्या शेळ्या-वासरं. पशुपालनावर चालणाऱ्या घरात शेळ्या म्हणजे बँकेतली ठेव. घर दोन महिन्यांत पुन्हा शाकारता येतं, कळप उभा करायला वर्षं लागतात. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात हा फरक नीट उतरत नाही, ही तिथली खरी अडचण.

पाणी म्हणाल तर अंगणातल्या टांक्यातलं. हा टांका म्हणजे आपल्या किल्ल्यांवरच्या टाक्याचाच भाऊ, जमिनीत गोल खणलेला, पावसाचं पाणी धरणारा. वीस-एकवीस हजार लिटरचा टांका एका कुटुंबाला वर्षभर पिण्यापुरता. आग विझवायला तो रिकामा केला तर मे-जूनमध्ये प्यायचं काय? म्हणून लोक आधी वाळू टाकतात. ही अडाणीपणाची गोष्ट नाही. वाळू हवा तोडते, आणि ती तिथं फुकट आहे. लांब काठीला बांधलेल्या आकड्यानं पेटतं छप्पर ओढून खाली पाडायचं आणि वाळूखाली दाबायचं, ही जुनी रीत अजूनही कामाची.

आणखी एक रीत म्हणजे वारा सुटायच्या आत चूल उरकणं. पहाटे भाकऱ्या भाजायच्या, निखारे वाळूत पुरायचे, दुपारी राबडी आणि ताक. आंधीची चाहूल लागली की पहिली आरोळी चूल विझवायची असते. थारच्या बाहेरही हे प्रशासनाला पटलेलं आहे : एप्रिल २०१६ मध्ये बिहारमध्ये आगीचं सत्र सुरू झालं तेव्हा तिथल्या सरकारनं ग्रामीण भागात सकाळी ९ ते संध्याकाळी ६ चूल पेटवू नका, असं फर्मावलं होतं. देशभर त्याची थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांकडं गॅस होता.

गवताळ पट्टे आणि डोंगर

दुसरं ठिकाण गवताचं. जैसलमेरच्या पश्चिमेला सेवण गवताचे मोठे पट्टे आहेत. गुरांचा हा मुख्य चारा, आणि माळढोक पक्ष्याचं घरही. (सोलापूरजवळचं नान्नज ज्या पक्ष्यासाठी ओळखलं जायचं, तोच. तिकडं त्याला गोडावण म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे.) माळढोक अंडं जमिनीवर घालतो, तेही साधारण उन्हाळा-पावसाळ्याच्या काळात. चांगला पाऊस झालेल्या वर्षानंतरचा मे महिना म्हणून जास्त काळजीचा. दुष्काळी वर्षानंतर जळायला काही उरलेलंच नसतं.

हे गणित जगभरच्या वाळवंटांना लागू आहे. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात ऑगस्ट २०२० मध्ये वीज पडून लागलेल्या ‘डोम’ आगीत अंदाजे १३ लाख जोशुआ झाडं गेली. जुलै २०२३ च्या अखेरीस तिथंच ‘यॉर्क’ आग ९३,००० एकरांवर पसरली, म्हणजे गोव्याचा दहावा हिस्सा. त्याआधीचा हिवाळा ओला गेला होता आणि झुडपांमधल्या रिकाम्या जागा बाहेरून आलेल्या गवतानं भरून काढल्या होत्या. पूर्वी दोन झुडपांमधली मोकळी वाळू आगीला आपोआप अडवायची. थारमध्ये वेड्या बाभळीनं असेच मोकळे तुकडे भरत आणलेत.

वाळवंटाच्या कडेला, अरवलीत, आगीचं रूप जंगलातल्यासारखं होतं. एप्रिल २०१७ मध्ये माउंट अबूच्या जंगलात आग लागली, तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी नक्की तलावातलं पाणी उचलून टाकलं. मार्च २०२२ च्या शेवटी सरिस्का व्याघ्र प्रकल्पात सुमारे दहा चौरस किलोमीटरवर आग पसरली आणि सिलिसेढ तलावातून तसंच पाणी न्यावं लागलं. मार्चमध्येच, म्हणजे उन्हाळा पुरता सुरूही झाला नव्हता.

वाळवंटातलं एक झाड मात्र या सगळ्यात टिकून असतं, खेजडी. म्हणजे आपली शमी, दसऱ्याला सोन्याबरोबर पुजतात ती. मुळं खोल, ऐन उन्हाळ्यात हिरवी पालवी, शेंगांची सांगरी भाजीला, पाला शेळ्यांना, आणि ढाणीला सावली. हिच्यासाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावी अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले.

इशारे कुठून मिळतात?

हवामान खातं उष्णतेचा इशारा हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत देतं. वादळाचा इशारा वेगळा येतो. जंगलातल्या आगीची सूचना देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या नोंदीवरून एसएमएसनं पाठवते. तिन्ही एकत्र जोडून ‘आज ऊन, वारा आणि कोरडेपणा मिळून आगीचा दिवस आहे’ असं अमेरिकेत ‘लाल बावट्या’च्या इशाऱ्यानं सांगतात. थारमधल्या ढाणीतल्या माणसाला हे जोडकाम स्वतःच करावं लागतं. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो, झोंपा तेवढा वेळ जळत नाही.

मोबाइलवर ‘मौसम’, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ आणि विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ ही ॲप्स आहेत. आंधीबरोबर वीज पडते, हे प्रवासाला जाणाऱ्यांच्या लक्षात नसतं.

शहरांसाठी उष्णतेचा आराखडा आधी अहमदाबादनं केला, २०१३ मध्ये. कारण मे २०१० मध्ये तिथं पारा ४६.८ वर गेला होता आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं अभ्यासात निघालं. वडोदऱ्याच्या वाचकांना ते शहर शेजारचंच. हे बहुतेक मृत्यू त्या वेळी ‘उष्माघात’ म्हणून लिहिलेच गेले नव्हते. हृदयविकार, वय झालं, ताप अशा नावांखाली गेले.

जाणार असाल तर

दुपारी ११ ते ४ बाहेरचं काम टाळावं. तहान लागेपर्यंत थांबू नये, आणि नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा ताक, लिंबू-मीठ-साखर, ओआरएस घ्यावं. खिशात कांदा ठेवल्यानं लू लागत नाही ही समजूत ग्वाल्हेरपासून जोधपूरपर्यंत आहे. कांदा खावा, खिशातल्याचा काही उपयोग नाही.

माणूस बरळायला लागला, चालताना तोल जाऊ लागला, अंग १०४ फॅरनहाइटपर्यंत तापलं, तर तो उष्माघात. सावलीत आणून कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत वारा घालायचा, काखेत-मानेला ओली फडकी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. १०८ ला फोन लावायचा. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, तेलंगण, सगळीकडं रुग्णवाहिकेचा तोच नंबर. आगीसाठी १०१.

मोठा पाण्याचा कूलर थारमध्ये उत्तम चालतो, कारण हवा कोरडी. नागपूर, हैदराबादलाही मे महिन्यात चालतो. गोव्यात किंवा कोकणात तो लावला तर फक्त दमटपणा वाढतो. हाच फरक माणसाच्या घामाला लागू आहे. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या कार्यक्रमात उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला, तेव्हा पारा ३८ च्या आसपासच होता. हवा दमट आणि लोक तासन् तास उन्हात बसलेले. त्यामुळं पन्नाशीच्या बातम्या वाचून अडतिशीला हलकं समजू नये.

गाडीनं जाताना आंधी आली तर रस्त्यावरच थांबू नये, कडेला पूर्ण खाली उतरून थांबावं, झाड, फलक आणि विजेच्या तारांपासून लांब. वाळलेल्या गवतावर तापलेली गाडी उभी करू नये.

पाऊस इथं सर्वात शेवटी येतो. हवामान खात्याच्या २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मोसमी पाऊस ८ जुलैपर्यंत देशाच्या या शेवटच्या कोपऱ्यात पोचतो आणि १७ सप्टेंबरला इथूनच परत फिरायला लागतो. गोव्यात पागोळ्या महिनाभर वाजून झालेल्या असतात तेव्हा जैसलमेरच्या ढाणीत अजून चूल पहाटेच पेटत असते.